कारागिराचे कपाट

नवे यंत्र करून पाहण्याची हौस असलेल्या मुलाने किंवा मुलीने काय वाचावे, असे कुणी विचारले की आपल्याकडे उत्तर ठरलेले असते. एडिसनचे चरित्र द्या, राइट बंधूंचे द्या, कलामांचे 'अग्निपंख' द्या. ही पुस्तके वाईट नाहीत. ती वाचून माणसाला शोधक व्हावेसे वाटते. पण शोधकाने सकाळी उठून नेमके काय करायचे, हे त्यांतून कळत नाही. एडिसन अपयशाने खचला नाही हे दहा पुस्तकांत सापडते. दिव्यातल्या तारेची जाडी, तिचा विरोध आणि तिचे तापणे यांचे नाते काय, हे त्या दहांत शोधूनही मिळत नाही. माझे म्हणणे असे की हौशी शोधकाला प्रेरणेची टंचाई कधीच नसते. कल्याणहून मुरबाडकडे निघाले की रस्त्याकडेच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत रोज काही ना काही नवे जोडले जात असते: कुणाची ट्रॉली, कुणाचा जिना, कुणाच्या पॉवर टिलरला लावायची वेगळी फाळ. हात आहेत, कल्पना आहे, वेल्डिंगचे मशीन आहे. टंचाई आहे ती कामाच्या वाचनाची, म्हणजे आकडे, आराखडे, मापे, मानके, पेटंटची कागदपत्रे आणि मोडलेल्या गोष्टींचे अहवाल यांची. शिफारस करायची तर या वाचनाची करावी आणि ते मराठीत, तालुक्याच्या गावी, हाताशी असावे.

एकाच काळातल्या, एकाच मुंबईतल्या दोन मराठी माणसांकडे पाहिले की हा फरक लख्ख दिसतो. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये चौपाटीवर विमान उडवले, ही कथा आपल्याकडे बहुतेकांना माहीत असते. २०१५ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. या कथेच्या आधाराला नेहमी दिल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाची बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये गणिताने तपासणी केली. ग्रंथ १९०४ च्या मागे जात नाही आणि त्यात काढलेली याने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तळपद्यांच्या तळमळीवर शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्यावरून ते यंत्र आज पुन्हा करून पाहता येईल, असा आराखडा आपल्या हाती नाही. दुसरे गृहस्थ शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७, मृत्यू १९३५. त्यांच्यावर चित्रपट निघाला नाही. पीठ-साखरेसारखा माल आपोआप तोलून भरणाऱ्या यंत्राच्या कल्पनेसाठी लंडनच्या एका शोधकांच्या नियतकालिकाची स्पर्धा त्यांनी जिंकली. मग ते इंग्लंडला आणि पुढे अमेरिकेला गेले. दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, रतन टाटांनी पैसा घातला, आणि छपाईचे खिळे ओतणाऱ्या यंत्रावर त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे घालवली. धंदा म्हणून त्या यंत्राने त्यांना हात दिला नाही. पण त्यांची पेटंटे आहेत. आकृत्यांसह, प्रत्येक भागाला क्रमांक देऊन लिहिलेली ती कागदपत्रे आजही उघडून वाचता येतात. भिसे कुठे चुकले आणि कुठे काळाच्या पुढे गेले, हे आज कुणीही तपासू शकतो. शोध टिकतो तो असा.

भिसे हे शिकले कुठे, हा प्रश्न या लेखाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे. यंत्रविद्येची त्यांची तालीम कुठल्या महाविद्यालयात झाली नव्हती. आपले जवळजवळ सारे यांत्रिक शिक्षण न्यूयॉर्कहून निघणाऱ्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधून झाले, असे त्यांनीच १९२७ मध्ये सांगितले आहे. त्या काळचे ते साप्ताहिक आजच्यासारखे नव्हते. नव्या पेटंटांच्या याद्या, यंत्रांचे उभे-आडवे छेद, कोणती झडप कशाने उघडते याचे वर्णन, असा त्यातला बराचसा ऐवज असे. मुंबईतल्या एका तरुणाला त्यातून प्रेरणा मिळाली असेलच, पण मुख्यतः मिळाला तो यंत्र वाचण्याचा सराव. आणि मिळालेले त्यांनी स्वतःपाशी ठेवले नाही. मुंबईत असतानाच 'विविध कलाप्रकाश' या मासिकातून ते मराठी वाचकांना विज्ञान आणि कला समजावून देत होते. पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघू लागली, तीही मुळात नांगर आणि यंत्रे घेणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी. नागपूरच्या 'उद्यम'ने लहान उद्योगांची माहिती दिली. १९२८ पासून पुण्याचे 'सृष्टिज्ञान' विज्ञान मराठीत आणत आले. म्हणजे ही वाट मराठीला नवी नाही. 'खबर' पुढे 'किर्लोस्कर' झाली आणि कथा-कवितांचे, सामाजिक विचारांचे मोठे मासिक झाली. त्याने मराठीचे भलेच झाले, पण नांगराचे पान मागे पडले ते पडलेच. साहित्यासाठी आपण मासिके जपली, संमेलने भरवली, पुरस्कार ठेवले. कारागिराच्या वाचनाला मात्र पोरके केले.

आता मुरबाड-शहापूरकडे येऊ, कारण 'काय वाचावे' या प्रश्नाला जागा पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. या दोन तालुक्यांत तानसा आहे, भातसा आहे, वैतरणेवरची धरणे लगत आहेत, बारवी आहे. मुंबई-ठाण्याची तहान इथल्या पाण्यावर भागते. पाऊस इथे धो-धो पडतो आणि मार्च उजाडला की कित्येक वाड्या-पाड्यांवर विहिरी तळाला जातात, टँकरची वाट पाहिली जाते. साहजिकच इथला हौशी शोधक पहिल्यांदा पाण्याकडे वळतो आणि पाणी वर चढवणारे काहीतरी करू पाहतो. त्याने पहिले काय वाचावे? माझ्या मते रॅम पंपावरची चार पाने. अमेरिकेतल्या स्वयंसेवी तंत्रज्ञांनी १९६० च्या दशकात खेड्यांसाठी काढलेल्या 'व्हिलेज टेक्नॉलॉजी हँडबुक'मध्ये त्याची माहिती आहे. १७९६ मध्ये फ्रान्सच्या जोझेफ मोंगोल्फिएने, म्हणजे गरम हवेचा फुगा उडवणाऱ्या भावांपैकी एकाने, हा पंप केला. त्याला वीज लागत नाही, डिझेल लागत नाही. ओढ्याचे पाणी उतरत्या नळातून वेगाने येते, एक झडप खटकन मिटते, अडलेल्या पाण्याचा धक्का थोडे पाणी दुसऱ्या झडपेतून वर ढकलतो, जोर ओसरला की पहिली झडप पुन्हा पडते. मिनिटाला पन्नासेक वेळा हेच. समजा ओढ्यातून मिनिटाला ६० लिटर पाणी मिळते, पडती २ मीटरची आहे, पाडा २० मीटर उंचावर आहे आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के आहे. साठाला दोनाने गुणा, त्याचे साठ टक्के काढा, विसाने भागा: मिनिटाला ३.६ लिटर पाणी वर चढेल. दिवसरात्र चालला तर ५,००० लिटरांहून थोडे अधिक. जलजीवन मिशनने माणशी ५५ लिटर धरले आहेत. त्या मानाने ९० माणसांचा पाडा झाला.

एवढ्यावर थांबले तर ही एक छान गोष्ट होते, आणि बहुतेक प्रेरणादायी लिखाण इथेच थांबते. पण आकड्यांची सवय लागलेला वाचक पुढचा प्रश्न विचारतो: हा ओढा वाहतो किती महिने? पाणी हवे असते मार्च ते मध्य जून, आणि नेमका तेव्हाच ओढा कोरडा असतो. तेव्हाच्या १०० दिवसांसाठी ९० माणसांचे पाणी साठवायचे तर जवळपास ५ लाख लिटर लागतील, म्हणजे १० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ५ मीटर खोल टाकी. फक्त पिण्या-रांधण्यापुरते माणशी १० लिटर धरले तर ९०,००० लिटर. ही टाकी मात्र पाड्याच्या आवाक्यातली आहे. आता अडचण पंपाची उरलीच नाही. अडचण साठवणीची आहे, गळतीची आहे, टाकीच्या भिंतीला तळाशी किती दाब सोसावा लागेल याची आहे. चार महिने नव्या पंपात घालवणाऱ्या हौशी माणसाने ही तेवढी गुणाकार-भागाकाराची पाने आधी वाचली असती, तर त्याने पंप जुनाच घेतला असता आणि डोके फेरोसिमेंटच्या टाकीत घातले असते. वाचनाने शोधकाची कल्पनाशक्ती मारली जाते असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर हेच आहे. वाचनाने कल्पनाशक्तीला योग्य जागी जुंपता येते. प्रश्न चुकला की कितीही हुशार उत्तर वाया जाते.

वाचनाची दुसरी मोठी देणगी म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीतून शिकणे. भारतीय मानकांच्या पुस्तिका कुणी हौसेने वाचावयास घेत नाही. त्या रुक्ष असतात. पण मळणीयंत्राच्या सुरक्षेचे मानक, आयएस ९०२०, एकदा डोळ्यांखालून घालावे. पेंढी आत सरकवायचे पन्हळ किमान ९०० मिलिमीटर लांब असावे आणि त्यातला ४५० मिलिमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे त्यात सांगितले आहे. हा आकडा कुठल्या कचेरीत बसून सुचलेला नाही. माणसाचा हात किती लांब पोचतो, पेंढीबरोबर तो ओढला गेला तर ड्रमपर्यंत जायला किती अंतर उरते, याचा तो हिशोब आहे. आणि त्याच्यामागे देशभरात मळणीयंत्रांत गेलेले हात आहेत. ते इतके होते की १९८३ मध्ये संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. ज्याने हे वाचलेले नाही, तो गावात स्वस्त झोडणीयंत्र करताना पत्रा वाचवायला पन्हळ आखूड करतो. त्याची नियत वाईट नसते. त्याला ठाऊक नसते, इतकेच. भारतीय मानक ब्यूरोची मानके आता त्यांच्या संकेतस्थळावरून नावनोंदणी करून विनामूल्य उतरवून घेता येतात. नळाचे, पंपाचे, गिलाव्याचे, विजेच्या तारेचे, सगळ्यांचे मानक आहे. हौशी शोधकाने आपल्या वस्तूशी लागू असलेली दोन मानके वाचल्याशिवाय पत्रा कापू नये, असा माझा आग्रह आहे.

'जुगाड हीच आपली बुद्धी' असे अभिमानाने सांगणाऱ्यांशी माझे भांडण इथेच आहे. अडल्या वेळी हाताशी असेल त्यातून वाट काढणे ही मोठी गोष्ट आहे. ती कला मी कमी लेखत नाही. पण जुगाड एकदाच चालतो, एका माणसाच्या हातात चालतो, आणि तो मोडला की का मोडला हे सांगणारा कागद मागे उरत नाही. याउलट जवळचेच उदाहरण पाहा. कर्जत तालुक्यात नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी भाताची एसआरटी पद्धत बसवली. चिखलणी नाही, लावणी नाही. कायमच्या गादीवाफ्यावर ठरावीक अंतराने भोके पाडून त्यांत बी टोकायचे. भोके पाडायला लोखंडी साचा आहे, २५ सेंटिमीटरच्या अंतराचा. त्या साच्यात यांत्रिक करामत अशी काहीच नाही; कोणताही वेल्डर तो तासाभरात करील. तो पसरला, कारण अंतर ठरलेले होते, वाफ्याचे माप ठरलेले होते, आणि ते लिहून दुसऱ्याला देता येत होते. भातलावणीला कमरेत वाकून राबणाऱ्या बायकांच्या पाठी ज्या साधनाने वाचतात ते साधे असले म्हणून लहान ठरत नाही. लिहिलेल्या मापाची ताकद मला या साच्यात दिसते.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो दादाजी खोब्रागडे यांच्या नावाने घेतला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचा हा शेतकरी, शाळा जेमतेम तिसरीपर्यंत. १९८० च्या दशकात आपल्या शेतातल्या पटेल-३ या भातात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी वेगळ्या राखल्या, वर्षानुवर्षे निवड करत नेल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचे एचएमटी भात आले, जे पुढे अनेक राज्यांत पेरले गेले. मग वाचनाचे काय घेऊन बसलात, असे विचारता येते. यावर दोन गोष्टी सांगाव्या लागतात. पहिली, दादाजींचे काम हे निरीक्षणाचे आणि धीराचे उत्तम उदाहरण आहे. वेगळे पेरणे, वेगळे कापणे, तुलना करणे हा शास्त्रीय प्रयोगच होता, फक्त तो वहीऐवजी वावरात लिहिला गेला. दुसरी गोष्ट कडू आहे. १९९८ मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही एचएमटी' या नावाने वाण प्रसारित केले. देशभर विकल्या गेलेल्या त्या तांदळातून दादाजींच्या घरी समृद्धी आली नाही, आणि २०१८ मध्ये ते गेले. शेतकऱ्याच्या वाणाला नोंदणीचा हक्क देणारा कायदा आला तोच २००१ मध्ये. तेव्हा अपुरे वाचन हा दादाजींचा दोष होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण आज तो कायदा आहे, नोंदणीचा अर्ज आहे, आणि तो वाचणारा माणूस गावात नसेल तर पुढच्या दादाजींचेही तसेच होईल. बुद्धीला वाचनाची गरज नसेलही. बुद्धीच्या मालकीला आहे.

म्हणूनच पेटंटे हा वाचनाचा विषय आहे असे मी मानतो. पेटंट म्हणजे फक्त घेण्याची गोष्ट, असा जो समज आहे तो सोडला पाहिजे. पेटंट हा एक सौदा असतो. शोधकाने सगळे उघड करून लिहायचे, आणि त्याबदल्यात २० वर्षे त्याला मक्तेदारी मिळायची. मुदत संपली की ते ज्ञान सगळ्यांचे. म्हणजे जुनी पेटंटे ही जगातली सर्वांत मोठी फुकट अभियांत्रिकी लायब्ररी आहे. भारतीय पेटंट कार्यालयाचा शोधविभाग मोबाइलवर उघडतो, त्याला पैसे पडत नाहीत. भाषा किचकट असते, पण आकृत्या आणि त्यांतले क्रमांक धरून वाचले की चार-पाच पेटंटांनंतर सवय होते. शिवाय १९७० च्या पेटंट कायद्यातले तिसरे कलम हे स्वतंत्रपणे वाचण्याजोगे आहे, कारण काय शोध नव्हे हे ते सांगते. निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध असलेला दावा शोध नव्हे. प्रत्येक सुटा भाग आपापले जुनेच काम करीत असेल तर त्यांची नुसती जुळणी शोध नव्हे. शेती करण्याची पद्धत पेटंटयोग्य नव्हे. मोटरने जनरेटर फिरवायचा आणि त्याच जनरेटरच्या विजेवर मोटर चालवायची, या कल्पनेपायी किती हुशार मुलांची उमेदीची वर्षे आणि किती बापांच्या जमिनीचे पैसे गेले असतील! घर्षणात आणि तापण्यात ऊर्जा जाते, ती परत मिळत नाही, हे आठवीच्या पुस्तकातले वाक्य त्या मुलाने पाठ केलेले असते. त्याच्या यंत्राला ते लागू आहे, हे त्याला कुणी आकड्यांत करून दाखवलेले नसते.

मोडलेल्या गोष्टींबद्दलचे वाचन मी याहून थोडे वरच्या कप्प्यात ठेवीन. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेले स्वयंचलित दरवाजे हे आपल्या अभियांत्रिकीचे भूषण. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेले की ते आपोआप उघडत. त्याच खडकवासल्याला १२ जुलै १९६१ रोजी वरून फुटलेल्या पानशेतचा लोंढा सोसला नाही. पानशेतच्या पोटातले पाणी सोडण्याचे बोगदे सळईशिवाय बांधलेले होते आणि काम अपुरे असतानाच धरणात पाणी साठवले गेले. विश्वेश्वरय्यांच्या चरित्राबरोबर पानशेतची हकिकतही वाचली पाहिजे. धरणांच्या तालुक्यांत तर नक्कीच. एक यशाची आणि एक नाशाची, अशा जोडीने वाचले म्हणजे यंत्राला मर्यादा असतात आणि त्या आधी कळू शकतात, हे अंगी मुरते. हेन्री पेट्रोस्कींचे 'टू इंजिनिअर इज ह्यूमन' आणि जे. ई. गॉर्डन यांचे 'स्ट्रक्चर्स' ही इंग्रजी पुस्तके याच जातीची. गॉर्डन वाचलेला फॅब्रिकेटर चौकोनी खाचेच्या टोकदार कोपऱ्यावर कधी विश्वास ठेवणार नाही, कारण तडा तिथूनच सुरू होतो. आणि चाललेल्या तड्याच्या टोकाशी गोल भोक पाडले तर तो थांबतो हे जुन्या मिस्त्र्याचे कसब खरे का, हेही त्याला समजेल. या दोन पुस्तकांची मराठी भाषांतरे दहा चरित्रांपेक्षा अधिक उपयोगी पडतील.

भाषेचा मुद्दा इथे टाळता येत नाही. उत्तम कामाचे वाचन इंग्रजीत आहे आणि पाड्यावरच्या मुलाला ते परके आहे, हे खरे. पण काही पुस्तकांना भाषा फारशी आड येत नाही. हेन्री ब्राउन यांचे १८६८ चे 'मेकॅनिकल मूव्हमेंट्स' हे पुस्तक म्हणजे ५०७ आकृत्या आणि प्रत्येकीखाली चार ओळी: गोल फिरणे सरळ हालचालीत कसे बदलावे, एका चाकाने दुसरे थांबत-थांबत कसे फिरवावे. त्यावरचा हक्क कधीच संपला आहे. एन. डी. भट्ट यांचे 'इंजिनिअरिंग ड्रॉइंग' रेषांनी बोलते. आयटीआयसाठी चेन्नईच्या राष्ट्रीय संस्थेने तयार केलेली फिटर, टर्नर, वेल्डरची पुस्तके तर मुळातच कारागिरासाठी आहेत. माझ्या यादीत ती पहिल्या क्रमांकावर येतील. आणि मराठी विश्वकोश आहे. वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली निघालेल्या त्या खंडांत यंत्रांवर, पदार्थांवर, पंपांवर काटेकोर नोंदी आहेत आणि त्या आता विनामूल्य वाचता येतात. अडचण एकच. बेअरिंगला तिथे 'धारवा' म्हटले आहे. शब्द चांगला आहे, पण मुरबाडच्या दुकानात धारवा मागितला तर मिळणार नाही. कारागिरांसाठी मराठीत लिहायचे तर शाफ्ट, बेअरिंग, पुली, पाना, वायसर, आटे हेच शब्द घेऊन लिहावे आणि मराठीचा कस वाक्याच्या स्वच्छपणात दाखवावा. शुद्ध परिभाषेच्या हट्टापायी आपण एक मोठा वाचकवर्ग दारातूनच परत पाठवला आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

राहिला व्हिडिओचा आक्षेप. सगळे यूट्यूबवर दिसते, मग पुस्तक कशाला? हाताचे कसब व्हिडिओतून लवकर कळते, हे मान्य. वेल्डिंगचा टाका कसा ओढावा हे दहा पानांनी सांगता येणार नाही, दोन मिनिटांत दाखवता येते. किंबहुना डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला तो हातांनी करत शिकण्यासाठीच, आणि अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून दाखवत मुलांना विज्ञानाजवळ नेले. पण गुप्तांनी खेळण्यांबरोबर शेकडो पुस्तकेही सर्वांना खुली करून दिली, हे विसरता कामा नये. व्हिडिओत यंत्र चालताना दिसते. किती भारावर बंद पडले, तिसऱ्या महिन्यात काय झिजले, ते बहुधा कापलेले असते. दोन व्हिडिओंतले आकडे शेजारी ठेवून तुलना करणे जिकिरीचे असते. छापलेल्या तक्त्यावर बोट ठेवता येते, पेन्सिलने खूण करता येते, आणि दोघांना एकाच पानावर वाद घालता येतो. कसबासाठी पडदा असावा, निर्णयासाठी कागद.

हे सारे ठेवायचे कुठे, तर त्यासाठी नवी संस्था लागत नाही. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आहे. गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान मिळते, पुस्तके घेतली जातात. त्यातले एक कपाट कारागिराचे असावे. त्यात आयटीआयची पुस्तके असावीत, छापून बांधलेली वीस-पंचवीस मानके असावीत, इथल्या कामाची निवडक पेटंटे मराठी टिपणांसह असावीत. तानशाचे दगडी धरण १८९२ पासून केवळ आपल्या वजनावर पाण्याचा रेटा कसा सोसते, कसारा घाटात दर ३७ फुटांना एक फूट चढणारा लोहमार्ग १८६५ मध्ये कसा चालू झाला, हे समजावणाऱ्या स्थानिक पुस्तिका असाव्यात. वर्षाकाठी पौषात म्हसा यात्रेला माणूस लोटतो, बैल आणि अवजारे घ्यायला दुरून शेतकरी येतात. तिथे या कपाटातला एक तक्ता टांगला तरी तो वाचला जाईल. ग्रंथपालाला अभियंता असावे लागत नाही. लेथवर काम करणारा एखादा निवृत्त कामगार मुरबाडच्या एमआयडीसीच्या आसपास सहज सापडेल. आठवड्यातून एक संध्याकाळ त्याने कपाटाशेजारी बसावे.

आणि त्या कपाटात एक कोरी, जाड पुठ्ठ्याची वही असावी. नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी यज्ञातल्या दानांचे आकडे दगडात कोरून ठेवले, म्हणून दोन हजार वर्षांनी आपल्याला त्या काळचे अंक कसे होते ते कळते. आणि त्याच घाटाच्या पायथ्याच्या वैशाखऱ्याजवळचा ओढा गेल्या जानेवारीत मिनिटाला किती लिटर वाहत होता, याची नोंद शोधायची तर कुठे शोधावी? मोजायला बादली आणि घड्याळ पुरते. १५ लिटरची बादली भरायला किती सेकंद लागले ते लिहायचे: जागा, तारीख, वेळ, सेकंद. डिसेंबरात एकदा, जानेवारीत दोनदा, फेब्रुवारीत दर आठवड्याला, धार तुटेपर्यंत. शाळेतली आठवी-नववीची मुले हे करू शकतात. तीन वर्षांच्या अशा नोंदी जमल्या की टाकी केवढी बांधायची याचा हिशोब त्या पाड्यावरच, त्याच वहीच्या मागच्या पानावर मांडता येईल.